सुदानचं युद्ध चाडमध्ये कसं शिरतं, आणि अद्रेला माणसं का थांबतात

प्रश्न दोन आहेत. सुदानमध्ये भांडण दोन सेनापतींचं, तेही त्यांच्याच देशातलं; मग चाड, इजिप्त, दक्षिण सुदान, लिबिया त्यात का ओढले जातात? आणि जीव वाचवून पळालेली माणसं सीमेपासून हाकेच्या अंतरावर उघड्यावर का बसून राहतात, पुढे सुरक्षित जागी का जात नाहीत?

मी पाण्याची इंजिनिअर. मराठवाड्यात बोअर आणि टँकरच्या कामापासून सुरुवात केली. नंतर मदतकार्यात शिरले आणि पूर्व चाडमध्ये दोनदा राहिले, 2007-08 मध्ये एकदा आणि 2023 च्या पावसाळ्यात दुसऱ्यांदा. राजकारण हा माझा अभ्यासाचा विषय नाही. पण पाण्याच्या रांगेजवळ महिनाभर काढला की कोण कुठून आलं, कुणाची लेक कुठे दिलीय, कुणाची जनावरं कुणी नेली, हे सगळं कानावर येतंच. म्हणून उत्तर रांगेपासूनच सुरू करते.

चाडच्या पूर्व सीमेवरच्या अद्रे गावाच्या दक्षिणेला एका चाडी गावात हापसा बंद पडला म्हणून आम्हाला बोलावलं होतं. हापसा इंडिया मार्क टू. या पंपाचं मूळ आपल्याकडचं. जालना-सोलापूर भागात मिशनच्या लोकांनी सुधारत नेलेल्या हापशांवरून 1970 च्या दशकात युनिसेफच्या मदतीने हे मॉडेल तयार झालं आणि जगभर गेलं. पाइप वर ओढून सिलिंडर उघडलं तर वॉशर झिजून कागदासारखे झालेले. साठेक घरांचं गाव, एरवी वॉशर वर्षभर सहज टिकले असते. ते दोन महिन्यांतच संपले होते, कारण हापसा दिवसरात्र चालत होता. मी हापशाच्या समितीतल्या म्हातारीला सांगितलं, की रात्री निदान चार तास कुलूप लावा, बोअरमध्ये पाणी परत चढायला वेळ मिळेल. ती दुभाष्याकडे न बघता माझ्याकडेच बघून बोलली. दुभाष्याने सांगितलं ते असं: "रात्री येतात ती माझ्या नणंदेची मुलं आहेत. त्यांना कुलूप दाखवू?"

नणंद वादीच्या पलीकडे दिली होती. वादी म्हणजे पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारं आणि एरवी कोरडं वाळूचं पात्र. पलीकडे म्हणजे सुदान.

पहिल्या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात या वाक्यात आहे. इथे मसालीत लोकांची सल्तनत होती, दार मसालीत. फ्रेंच पश्चिमेकडून आले, इंग्रज पूर्वेकडून आले आणि 1919 च्या करारात त्यांनी ती आपसांत वाटून घेतली. अद्रे फ्रेंचांकडे गेलं, अल-जनीना इंग्रजांकडे. दोन्हींत अंतर जेमतेम 30 किलोमीटर. सोयरिकी, बाजार, चराईचे रस्ते जसे होते तसेच राहिले. चाडकडच्या अरबीत पाण्याला 'अल्मी' म्हणतात, सुदानकडच्या अरबीत 'मोया'. रांगेत कोण कुठलं हे मी सुरुवातीला यावरूनच ओळखायची. पण घरात दोघीही मसालीतच बोलतात. उत्तरेला झगावा जमातीचं तेच, आणि उंट-गुरं राखणाऱ्या अरब टोळ्यांचंही तेच. चाड-सुदान सीमा सुमारे 1,400 किलोमीटर आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना एकाच घरातली माणसं आहेत.

आता सत्तेकडे. चाडच्या राजधानीत, एन्जामेनात, बसलेल्या राज्यकर्त्याला पूर्वेची धास्ती का वाटते, हे कळायला तीन-चार तारखा पुरतात. हिसेन हाब्रे 1982 मध्ये सत्तेवर आला तो सुदानच्या पश्चिमेकडच्या दारफुरमध्ये फौज बांधून. इद्रिस देबीने डिसेंबर 1990 मध्ये हाब्रेला हुसकावलं, तेही दारफुरमधूनच येऊन. म्हणजे या देशात सरकार पडतं ते पूर्वेकडून. देबी स्वतः झगावा. 2003 मध्ये दारफुरात बंड उठलं, त्यात झगावा आणि मसालीत तरुण पुढे होते. सुरुवातीला देबीने सुदानची राजधानी खार्तूम इथे सत्तेवर असलेल्या उमर अल-बशीरला साथ दिली. पण त्याच्याच सैन्यातले झगावा अधिकारी भाऊबंदांना शस्त्रं पोचवत होते. ते थांबवावं तर सैन्य हातचं जातं, थांबवू नये तर शेजारी खवळतो. दोन वर्षांत तो बंडखोरांच्या बाजूला गेला, आणि बशीरने चाडच्या बंडखोरांना दारफुरात जागा आणि गाड्या दिल्या.

फेब्रुवारी 2008 मध्ये ते बंडखोर थेट एन्जामेनात शिरले. मी तेव्हा पूर्वेला होते. रेडिओवर राजधानीत लढाई चालू असल्याचं ऐकत होतो आणि आमच्याकडे डिझेल तीन दिवसांचं उरलं होतं. डिझेल संपलं की जनरेटर बंद, जनरेटर बंद की पंप बंद. राजधानी तिथून सातशे-आठशे किलोमीटर लांब, तरी तिथल्या गोळीबाराने आमच्या कॅम्पातलं पाणी निम्म्यावर आलं. मे 2008 मध्ये याच्या उलट झालं. दारफुरचे बंडखोर वाळवंट ओलांडून खार्तूमजवळच्या ओमदुर्मानपर्यंत पोचले. शेवटी जानेवारी 2010 मध्ये दोन्ही सरकारांनी तह केला, सीमेवर संयुक्त पथक उभं राहिलं आणि सीमाभाग बराच शांत झाला. दोघांनी एकमेकांचे बंडखोर पोसणं थांबवलं एवढ्यावर हे झालं. म्हणून शेजारी देशांचं काही चालत नाही असं कुणी म्हटलं की मला पटत नाही.

15 एप्रिल 2023 ला खार्तूममध्ये जे सुरू झालं त्याची मुळं याच काळातली. बशीरने दारफुरचं बंड मोडायला ज्या अरब टोळ्यांना बंदुका आणि मोकळीक दिली, ते जंजावीद. 2013 मध्ये त्यांनाच गणवेश चढवून रॅपिड सपोर्ट फोर्सेस, म्हणजे आरएसएफ, हे दल तयार झालं. प्रमुख मोहम्मद हमदान दगालो, ज्याला सगळे हेमेदती म्हणतात. 2019 मध्ये बशीर गेला. 2021 मध्ये लष्करप्रमुख अब्देल फताह अल-बुरहान आणि हेमेदती यांनी मिळून मुलकी सरकार उलथवलं. मग आरएसएफ सैन्यात कधी आणि कुणाच्या हाताखाली विलीन करायची, यावर दोघांचं फाटलं. खार्तूमच्या लोकांना या भांडणात काडीचाही वाटा नव्हता, आणि पहिला मार त्यांनाच बसला.

पण दारफुरात या युद्धाला लगेच जुना रंग चढला. अल-जनीनात आरएसएफ आणि तिच्या सोबतच्या अरब टोळ्यांनी मसालीत वस्त्या ठरवून जाळल्या. 14 जून 2023 ला पश्चिम दारफुरचे राज्यपाल खमीस अबकर यांना ताब्यात घेऊन मारलं. ते स्वतः मसालीत होते. त्याच रात्री शहरातून हजारो माणसं पायी अद्रेच्या वाटेला लागली आणि वाटेत त्यांच्यावर गोळीबार झाला. पुरुष आणि मोठे मुलगे वेगळे काढून मारले गेले. अद्रेच्या रुग्णालयात तीन दिवसांत आठशेहून जास्त जखमी आले. अल-जनीनात 10,000 ते 15,000 माणसं मारली गेली, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने नोंदवलं आहे. मी पोचले तेव्हा रांगेत बायका आणि मुलंच होती. दाढी असलेला माणूस दिसला की तो बहुधा म्हातारा असायचा.

आता एन्जामेनातल्या राज्यकर्त्याच्या जागी स्वतःला उभं करून बघा. महामत देबी, इद्रिसचा मुलगा, 2021 पासून सत्तेवर आहे. पूर्वेला मसालीत निर्वासित लाखांनी येतायत. हेमेदतीच्या टोळीची पाळंमुळं चाडमध्येही आहेत आणि त्याचे नातेवाईक चाडच्या सैन्यात वरच्या पदांवर राहिले आहेत. उत्तर दारफुरात आरएसएफपासून अल-फाशर शहराचं रक्षण करणाऱ्यांत झगावा पथकं होती, म्हणजे देबीच्याच सैन्याचा कणा असलेल्या लोकांचे भाऊ. कुठल्याही बाजूला कललं तरी घरात आग. त्यात बाहेरचा पैसा. चाडच्या अम्जरास विमानतळावर संयुक्त अरब अमिरातीने फील्ड हॉस्पिटल उभारलं, आणि त्याच विमानतळावरून आरएसएफला शस्त्रं जात असल्याचे आरोप संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी 2024 च्या सुरुवातीला विश्वासार्ह ठरवले. अमिराती आणि चाड दोघेही ते नाकारतात. मार्च 2025 मध्ये सुदानी सैन्यातले जनरल यासिर अल-अत्ता यांनी एन्जामेना आणि अम्जरासचे विमानतळ आपल्याला हल्ल्यासाठी रास्त लक्ष्य वाटतात, असं जाहीर सांगितलं. अल-फाशर अठरा महिन्यांच्या वेढ्यानंतर 26 ऑक्टोबर 2025 ला आरएसएफच्या हाती पडलं. तिथून निघालेल्या माणसांची वाट पुन्हा जवळच्या तविला गावाची आणि पुढे चाडचीच.

माझं मत विचाराल तर चाड तटस्थ राहू शकत नव्हता ही गोष्ट खरी, पण विमानतळ वापरायला देणं ही नातेवाइकांना हापसा वापरू देण्यासारखी गोष्ट नाही. एक नाइलाज आहे आणि एक निवड आहे. या दोन्हींना 'युद्धात ओढलं जाणं' असं एकच नाव देऊन आपण राज्यकर्त्यांना फार सहज सोडतो.

बाकीच्या शेजाऱ्यांचं थोडक्यात सांगते, कारण तिथे मी काम केलेलं नाही. दक्षिण सुदान 2011 मध्ये वेगळा झाला, पण त्याचं खनिज तेल आजही सुदानमधल्या पाइपलाइनीतून पोर्ट सुदानला जातं. फेब्रुवारी 2024 मध्ये लढाईच्या भागात पाइपलाइन फुटली आणि ज्या सरकारचं उत्पन्न जवळपास त्या एका तेलावर, त्याचे पगार थकले. त्याच वेळी सुदानमध्ये आसरा घेतलेले त्याचेच लाखो नागरिक सीमेवरच्या रेंक गावाच्या वाटेने परत येत होते. इजिप्त पूर्वीपासून सुदानी सैन्याच्या बाजूचा. नाईलचं पाणी आणि इथिओपियाचं धरण हा त्याच्या काळजीचा विषय. जून 2023 मध्ये त्याने बायका, मुलं आणि वयस्कांनाही व्हिसा सक्तीचा केला आणि माणसं तस्करांच्या गाड्यांकडे वळली. लिबियात तिथला सेनानी खलिफा हफ्तारच्या ताब्यातल्या कुफ्रा भागातून माणसं वर जातात, आणि इंधन खाली आरएसएफकडे येतं. सगळ्यात वाईट मला वाटतं ते तिग्रे लोकांचं. 2020 मध्ये इथिओपियातलं युद्ध टाळून ते पूर्व सुदानच्या गेदारेफ भागात आले होते. तीन वर्षांत आसरा देणाऱ्या देशातच युद्ध पेटलं.

आपल्याकडच्या वाचकांना 1971 आठवेल. पूर्व पाकिस्तानातून सुमारे 1 कोटी माणसं भारतात आली, टपालावर 5 पैशांचं निर्वासित मदतीचं जादा तिकीट लागलं, आणि डिसेंबरात युद्ध झालं. निर्वासितांचा भार हेच तेव्हा भारताने जगापुढे मांडलेलं मोठं कारण होतं. चाडकडे ना तेवढं सैन्य, ना तेवढा पैसा. त्याच्याकडे होती फक्त उघडी सीमा. ती त्याने उघडी ठेवली, आणि याचं श्रेय द्यायला हवं. आफ्रिकी देशांनी 1969 मध्ये निर्वासितांविषयी स्वतःचा करार केला. त्यात व्यक्तिगत छळ सिद्ध करायची अट नाही. युद्धाने किंवा सार्वजनिक जीवन उद्ध्वस्त झाल्याने पळालेला माणूसही निर्वासितच. म्हणून अद्रेला कुणी कागद मागत बसलं नाही. नाव, कुटुंबात किती जण, गाव कुठलं, एवढ्यावर नोंद होत होती. 2020 च्या चाडी कायद्याने निर्वासितांना काम करायचा हक्कही दिला आहे. काम कुठे आहे हा पुढचा प्रश्न.

आता दुसरा प्रश्न, अद्रेला का थांबतात?

अद्रे मूळचं 40,000 वस्तीचं गाव. त्याच्या कडेला 2,00,000 हून जास्त माणसं बसली. काठ्या रोवून त्यावर गवत, जुनी लुगडी, मदतीची ताडपत्री मिळाली तर ताडपत्री. याला अधिकृत कॅम्प कुणी म्हणत नव्हतं, कारण ठरलं होतं ते माणसं इथून हलवायचं. 1969 च्या त्याच करारात लिहिलंय, की सुरक्षेसाठी निर्वासितांना सीमेपासून पुरेशा अंतरावर वसवावं. व्यवहारात 50 किलोमीटर धरतात. त्यासाठी आत नवे कॅम्प उभे राहिले. फरशानाचा कॅम्प तर जुनाच, 2004 सालचा. ट्रक यायचे, यादी वाचली जायची, आणि निम्मी नावं पुढे यायचीच नाहीत.

एका नळाजवळ एक तरुण बाई रोज दिसायची. पाठीवर लहान मूल, हातात पिवळा 20 लिटरचा जेरीकॅन. तिचं नाव तीन वेळा यादीत आलं, तिन्ही वेळा ती गेली नाही. मी विचारलं, तिकडे पाणी जास्त आहे, जागा आहे, का जात नाहीस? तिने सांगितलं, की त्या रात्री अल-जनीनातून निघताना घरातल्यांनी ठरवलं होतं, फाटाफूट झाली तर अद्रेला भेटायचं. फोन वाटेतच हिसकावून घेतले होते. भावाला ठाऊक असलेलं एकच ठिकाण अद्रे. ती 50 किलोमीटर आत गेली, तर भाऊ आल्यावर कुणाला विचारणार?

यानंतर मी तो प्रश्न कुणाला विचारला नाही.

इतरही कारणं होती. बाजार अद्रेत आहे. विटा थापायचं, धुणं-भांड्यांचं, हमालीचं काम तिथे मिळतं. शेतं पलीकडे आहेत आणि कुणी तरी रात्री जाऊन पुरून ठेवलेली ज्वारी काढून आणतं. नातेवाईक इथे आहेत. आणि आतल्या कॅम्पात गेलं की परतीची वाट लांबली, असं लोकांना वाटतं. 2004 मध्ये आत नेलेले लोक 2023 मध्येही तिथेच होते. हे युद्ध सुरू व्हायच्या आधीच चाडमध्ये 4 लाख सुदानी निर्वासित होते. फरशानात जन्मलेली मुलगी आता स्वतः आई झालेली मी पाहिली.

माणसं थांबली की पाणी द्यावं लागतं. हिशेब साधा आहे. माणशी दिवसाला 15 लिटर हे मदतकार्यातलं किमान प्रमाण. 2,00,000 माणसांना 30 लाख लिटर. 10,000 लिटरचा टँकर धरला तर दिवसाला 300 फेऱ्या. 250 माणसांमागे एक नळ म्हटलं तर 800 नळ. सुरुवातीच्या आठवड्यांत आम्ही त्याच्या निम्मंही देऊ शकत नव्हतो. खाली ग्रॅनाइट. आपल्या काळ्या पाषाणात निदान थराथरांमधून पाणी सापडतं. तिथे कातळाला भेग लागली तर लागली, नाहीतर बोअर कोरडं. भरवशाचं पाणी वादीच्या वाळूत, आणि त्याच वाळूत गावकऱ्यांचे झरे, त्यांचीच जनावरं. पावसाळ्यात वादी भरली की टँकर आणि धान्याचे ट्रक काठावर दोन-दोन दिवस अडकतात. अशा वेळी माणसं डबक्यातलं पाणी भरतात. आम्ही क्लोरीनच्या बादल्या घेऊन डबक्याजवळच उभे राहायचो आणि प्रत्येक जेरीकॅनमध्ये मोजून थेंब टाकायचो. दोन वर्षांनी, 2025 च्या पावसाळ्यात, पूर्व चाडच्या कॅम्पांमध्ये कॉलरा आलाच. त्याच वर्षी मोठ्या देणगीदार देशांनी हात आखडता घेतला होता.

युद्ध सीमा ओलांडतं त्याचं मला जवळून दिसलेलं रूप हे. चाडी गावात जळण लांब गेलं, ज्वारी महागली, हापशाला रांग लागली. पहिल्या महिन्यात घरचं धान्य काढून देणारा गावकरी सहाव्या महिन्यात चिडलेला असतो, आणि त्याला दोष देता येत नाही. म्हणून माझ्या कामात मी एक गोष्ट सोडली नाही: कॅम्पासाठी बोअर घेतलं की शेजारच्या गावालाही एक घ्यायचं, आणि नळाच्या समितीत दोन्हीकडच्या बायका बसवायच्या. हिशेबाच्या कागदावर तो दुसरा बोअर नेहमी जास्तीचा खर्च दिसतो. तो वगळला त्या ठिकाणी वर्षाच्या आत मारामाऱ्या झालेल्या मी पाहिल्या आहेत.

सुदानमध्ये 2025 पर्यंत 1 कोटी 20 लाखांहून जास्त माणसांनी घर सोडलं होतं, त्यातली 40 लाखांहून जास्त देशाबाहेर गेली. त्यांतली 8 लाखांहून अधिक चाडमध्ये, जुन्या 4 लाखांच्या जोडीला. परत कधी जाणार, असं मलाही सगळे विचारतात. युद्धबंदीची बातमी आली की माणसं लगेच निघत नाहीत. पावसाच्या तोंडावर घरातला एक जण, बहुधा म्हातारा, कारण तरुणाला वाटेत मारतील, शेत बघून यायला जातो. तो तीन गोष्टी बघतो. विहीर बुजवली का, शेतात कुणाची जनावरं चरतायत, आणि कुणी दुसऱ्यानेच नांगरलंय का. त्या हापशाच्या गावातून असाच एक म्हातारा जाऊन आला. विहीर शाबूत होती. शेत दुसऱ्याने पेरलं होतं. म्हातारीने नणंदेच्या मुलांना आपल्या वावराची एक पट्टी त्या वर्षी पेरायला दिली.